सहाव्या खुंटीवरचा वाटा

घोडीच्या बरगडीवर चार बोटं चरबी निघाली. बुरुलचा-आपाने हात आडवा धरून ती मोजली, विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली आणि छताकडे बघून म्हणाली, "दिलंस रे बाबा, भरभरून दिलंस." अल्ला छतातच राहतो अशी तिची पक्की समजूत होती, निदान हिवाळ्यापुरती तरी. एवढ्या थंडीत तो बाहेर कशाला थांबेल?

"हळू बोला आपा," पेरिझात हसत म्हणाली. "क्लारा-एजे येतील आता. त्या म्हणतील, चरबी हृदयाला वाईट." सासूला ती आपा, म्हणजे आई, म्हणायची आणि थोरल्या जावेला एजे, म्हणजे ताई.

"म्हणेल ना. आणि म्हणता म्हणता चार फोडी जास्त खाईल. मीठ सरकव इकडे."

पेरिझातने मिठाची परात सासूपुढे सरकवली. शेजारच्या पुरुषांनी काल घोडी कापून दिली होती. ताज्या काळजाचं तळलेलं कुर्दाक खाऊन, दुआ देऊन ते गेले, आणि खरं काम बायकांसाठी ठेवून गेले. उत्तरेकडच्या बिनशेगडीच्या खोलीत दोघी सकाळपासून उभ्या होत्या. बोलताना दोघींच्या तोंडून वाफ निघत होती. खिडकीबाहेर सरोवरही वाफ सोडत होतं. इस्सिक-कुल कधी गोठत नाही, पण नोव्हेंबर सरत आला की रोज सकाळी त्यावर वाफ उठते, चुलीवर दूध ठेवल्यासारखी. वाफेत कुठेतरी हंस ओरडत होते. परवाच आले होते ते, उत्तरेकडून, आणि आल्या दिवसापासून त्यांचं भांडण चालू होतं.

खिडक्यांच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाल्या होत्या. कोळसा येऊन पडला होता. जर्दाळू वाळून पोत्यांत गेले होते. आणि आता सोगुम, म्हणजे हिवाळ्याची मांसाची बेगमी. गेल्या साली ती झालीच नव्हती. गेल्या साली ऑक्टोबरात पेरिझातचा नवरा जोमार्त घाटात गाडीसकट गेला, आणि मग घरात कोणाला घोडीचं भान राहिलं नाही. शेजाऱ्यांनी एकेक तुकडा आणून दिला, त्यावर सासूसुनेने हिवाळा काढला. म्हणून या वर्षीच्या चार बोटांकडे बघताना पेरिझातलाही भरून आलं. नवरा गेला आणि तरी घर उभं आहे, चूल पेटते आहे, सासू चरबी मोजते आहे. एवढंही पुष्कळ आहे, असं तिला मनापासून वाटलं.

भिंतीवर लोखंडी खुंट्या होत्या. मांस कापलं की घरच्या हंड्याआधी वाटे निघायचे. जे या घरचे आहेत पण या घरात राहत नाहीत, त्यांचे वाटे. पहिली खुंटी थोरल्या लेकाची, इशेनबेकची. तो वीस वर्षं बिश्केकला होता. दुसरी लेकीची, तुर्सुनायची. ती लग्न होऊन पलीकडच्या गावात गेलेली. मग मॉस्कोला कामाला गेलेल्या नातवाची, मग व्याह्यांची, आणि पाचवी अवचित दारात येणाऱ्या कुणाचीही. माणूस डिसेंबरात येवो नाहीतर मार्चात, तो येईपर्यंत त्याच्या वाट्याला कोणी हात लावायचा नाही. वाळून लाकूड झालं तरी नाही.

पेरिझातची खुंटी नव्हती. नऊ वर्षांत कधीच नव्हती, आणि त्याचा तिला अभिमान होता. घरच्या माणसाला खुंटी कशाला? घरच्या माणसाचा हंडा असतो.

आज मात्र पाचवीच्या पुढे आणखी एक खुंटी दिसत होती. नवी होती. तिच्याखाली भिंतीचा चुना अजून सांडलेला होता.

आपाने मांडीचा एक नंबर तुकडा निवडला, त्याला बरगडीची लांब पट्टी जोडली, दोन्ही हातांनी मीठ चोळलं आणि ते सगळं उचलून त्या नव्या खुंटीवर टांगलं.

"हा कोणाचा, आपा?"

"तुझा," आपा म्हणाली.

तेवढ्यात फाटकात मोटारीचा हॉर्न वाजला. लांबलचक, उद्धट, शहरी. "आलं माझं गाढव," म्हणत आपाने हात पुसले आणि ती लगबगीने बाहेर गेली.

पेरिझातचा हात मिठातच राहिला.

महिन्यापूर्वी जोमार्तचं वर्षाचं जेवण झालं होतं. गावाने येऊन दुआ म्हटली आणि दुखवटा सुटला. वर्ष झालं की विधवा मोकळी होते, असं सगळेच म्हणतात. कशापासून मोकळी, ते कोणी सांगत नाही. मूलबाळ असतं तर गोष्ट वेगळी होती. मूल बापाच्या घराचं असतं आणि आई मुलाची असते. पेरिझातला मूल नव्हतं. जेवणानंतर आपा याविषयी चकार शब्द बोलली नव्हती, आणि पेरिझातने त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता. चाललंय तसं चालणार, असा.

आता आपाचं उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं. वाटा जाणाऱ्याचा असतो.

*

इशेनबेक शाळेचा मुख्याध्यापक होता आणि घरातही पोरं रांगेत उभी असल्यासारखा बोलायचा. त्याची बायको क्लारा औषधांच्या दुकानात काम करायची. दोघं मोटारीतून उतरली ती पिशव्यांसकट. संत्री, औषधं, आपासाठी लोकरीचे मोजे, पेरिझातसाठी निळा रुमाल. क्लारा कधी हात हलवत यायची नाही. पाच वर्षांपूर्वी मूल होईना म्हणून पेरिझातला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली ती क्लाराच, आणि बाहेरच्या बाकावर तिचा हात धरून बसली तीही क्लाराच. थोरल्या जावेचे उपकार पेरिझात विसरली नव्हती.

थोड्या वेळाने नणंद आली, पायी, गालावर वारा घेऊन. तुर्सुनायने आल्या आल्या बुटांचा बर्फ झटकला, भावाला मिठी मारली आणि भावजयीला म्हणाली, "क्लारा, बारीक झालीस. शहरात खायला मिळत नाही का?" मग पेरिझातकडे वळून, "आणि तू उभी काय? आतडी धुतलीस का? की आम्ही येऊन धुवायची?"

"धुतली, एजे. तीन पाण्यांनी."

"चौथं घाल."

नऊ वर्षं असंच होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी, भरल्या घरात, "पाळणा काय जळणाला ठेवलाय?" असं विचारणारी तुर्सुनायच होती.

चहा झाला. सुनेने ओतायचा म्हणून पेरिझातने ओतला. अर्धी वाटीच भरायची, म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा आणि आपण पुन्हा द्यावा. तिचा हात सवयीने चालत होता. आपा तिच्याकडे बघतही नव्हती, लेकाला मोज्यांची वीण दाखवत होती. मग मायलेक समोवारपाशी बसले आणि तिघी बायका स्वयंपाकघरात आतडी भरायला गेल्या.

हे काम एकटीने होत नाही. एकीने आतड्याचं तोंड उघडं धरायचं, दुसरीने बरगडीची चरबीसकट पट्टी आत सरकवायची, तिसरीने लसूण, मिरी, मीठ. धरणाऱ्या आणि भरणाऱ्या बायकांची नाकं एकमेकींना लागतात. म्हणून भांडणं मिटवायची असली की घरातल्या म्हाताऱ्या मुद्दाम त्या दोघींना आतडी भरायला बसवतात. भांडणं सुरूही तिथेच होतात, हा भाग वेगळा.

क्लाराने आतडं धरलं. पेरिझात भरू लागली.

"आपाचा खोकला ऐकलास?" क्लारा म्हणाली. "छातीतून येतो. हिवाळाभर आपाला आम्ही नेतोय. ठरवलंय आम्ही."

"ठरवलंय!" तुर्सुनायने लसूण ठेचायचा थांबवला. "आपाला विचारलंय?"

"विचारू ना जेवताना. घर बंद ठेवू चार-पाच महिने. नळातलं पाणी काढून टाकलं की झालं."

"आणि ही?" तुर्सुनायने बत्त्याचं टोक पेरिझातकडे केलं, जणू ती खुर्ची होती आणि घर बंद करताना कुठे ठेवायची हा प्रश्न होता.

क्लाराने आवाज खाली आणला. "हिच्या आईचा फोन आला होता मला, नारीनहून. रडत होत्या. म्हणाल्या, एकतीसची आहे माझी पोरगी, अजून आयुष्य आहे. खरंच आहे ना ते? पेरिझात, तू सांग. इथे राहून काय करणार आहेस तू? खोकल्याचा काढा आणि शेगडीची राख. तुला कोणी चांगला माणूस भेटायला नको? मी तुझ्या भल्याचं बोलतेय गं."

भल्याचंच बोलत होती, हेच तर अवघड होतं. पेरिझातने पट्टी आत ढकलली आणि मान खाली ठेवली.

"वा," तुर्सुनाय म्हणाली. "म्हणजे सासूला एका गाडीत घालायचं, सुनेला दुसऱ्या गाडीत, आणि दाराला कुलूप. आमच्या बापाच्या चुलीत मांजर झोपणार! उंटावर बसून शेळ्या हाकणं सोपं असतं, क्लारा. पेरिझात कुठे जायची नाही. ती या घरची आहे."

पेरिझातने चमकून वर बघितलं. नऊ वर्षांत नणंदेच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं होतं. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण तुर्सुनायने पुढचं वाक्य म्हणून ते वाचवलं.

"ही गेली तर आपाचं करणार कोण? मी? माझ्या गोठ्यात अकरा जनावरं आहेत."

"बघ! म्हणजे तुला भावजय नकोय, मोलकरीण हवीय," क्लारा कडाडली.

"आणि तुला पुण्य हवंय, तेही बसल्या जागेवरून!"

"मी बसल्या जागेवरून? बाई, तीनशे किलोमीटर गाडीत उलट्या करत आलेय मी!"

पेरिझात भरतच होती. भरत होती, दाबत होती, आणखी दाबत होती. फट्ट आवाज झाला, आतडं फाटलं आणि मिरी लावलेली चरबी थोरल्या जावेच्या नव्या स्वेटरवर सांडली.

क्लाराने हातातलं आतडं परातीत सोडलं.

"फाटलं," पेरिझात म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. क्लारा घाबरली. एका आतड्यासाठी कोणी असं रडत नाही. "माझं चुकलं का गं काही? अगं, तुझ्यावर जबरदस्ती थोडीच आहे!"

"तुम्ही दोघी कशाला भांडताय?" पेरिझातने मनगटाने नाक पुसलं. "झालाय निकाल. त्या खोलीत जाऊन बघा. आपांनी माझी खुंटी ठोकलीय."

दोघी उठून गेल्या. परत आल्या तेव्हा क्लाराचा चेहरा उतरला होता. पेरिझातने जावं असं तिला वाटत होतं खरं, पण असं नाही. समजावून, शाल देऊन, फाटकापर्यंत सोबत करून. भिंतीवर टांगून नाही.

"मोठा वाटा आहे," ती कशीबशी म्हणाली. "माझ्यापेक्षाही मोठा."

"मोठा असला म्हणून काय झालं?" तुर्सुनाय दारातच उभी होती. जनावरांचं बोलणारी ती बाई आता रागाने लाल झाली होती. "नऊ वर्षं जिने पाय चेपले तिला पाहुण्यांत काढलं! न विचारता, न सांगता! कसली ही रीत? थांब, मी बोलते आपाशी."

"नको," पेरिझात म्हणाली.

"का नको?"

"मी बोलते."

तुर्सुनाय खाली बसली आणि तिने फाटलेलं आतडं स्वतःच्या हातात घेतलं. "धर इकडे. इथे दोरा बांधला की चालतं. माझी तर दरवर्षी दोन फाटतात." हे ती खोटं बोलत होती. तिचं आतडं कधी फाटलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

*

दुपारी जेवणाचं दस्तरखान अंथरलं. खिडकीतून ऊन थेट तळलेल्या बोर्सोकांवर पडलं होतं. आपा मधोमध बसली, तिच्या उजवीकडे इशेनबेक. पेरिझात दाराजवळ, समोवारपाशी, सुनेच्या जागी. हंड्यात पहिलं मांस शिजत होतं आणि त्याचा वास सगळ्या घरभर होता. या वासाने एरवी पेरिझातचा जीव सुखावायचा. आज तिला तो नकोसा झाला.

इशेनबेकने घसा साफ केला. "आपा, आम्ही असा विचार केला आहे, की तुमचं वय, तुमची प्रकृती आणि आगामी थंडी लक्षात घेता..."

"कोणाला नोटीस वाचून दाखवतोयस?"

"चल आमच्याकडे हिवाळ्यापुरती," इशेनबेक एकदम लेकासारखा म्हणाला. "खोकतेस तू. मला तिकडे झोप येत नाही."

आपाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ दे माझ्या राजा, तुझ्यावरून ओवाळून टाकीन मी स्वतःला. पण येणार नाही. तुझ्या घरी आठव्या मजल्यावर मी मेले तर मला खाली कसं आणणार? लिफ्टमध्ये उभी करून? खोकला मला तू पोटात होतास तेव्हापासून आहे. औषध ठेवून जा, घेईन."

इशेनबेकने बायकोकडे बघितलं. क्लाराने नेहमीसारखी त्याची बाजू घेतली नाही. ती सासूकडे बघत होती. "ठीक आहे आपा. तुम्ही नाही येणार. मग पेरिझातचं काय?"

"पेरिझातचं काय?"

आता बोलली नाही तर कधीच बोलणार नाही, हे पेरिझातला कळलं. तिने चहाची वाटी खाली ठेवली. नऊ वर्षांत तिने सासूला उलट प्रश्न केला नव्हता. जे काय बोलायचं ते आपा बोलायची. तेही लेकी बोले सुने लागे, तुर्सुनायला रागावून पेरिझातला समज द्यायची.

"आपा, माझा वाटा का टांगलात?"

"म्हणजे? टांगायचा नाही?"

"वाटा जाणाऱ्याचा असतो. मला घालवायचं होतं तर तोंडाने सांगायचं होतंत. मी गेले असते. भिंतीवर वाचायला कशाला लावलंत?"

आपाचं तोंड उघडं राहिलं होतं. आणि पेरिझातने त्या चेहऱ्यावर जे पाहिलं त्याची तिने अपेक्षा केली नव्हती. म्हातारी घाबरली होती.

"पोरी," आपा म्हणाली, "तू सकाळपासून हे पोटात घेऊन चहा ओततेयस?"

"हो."

"या अल्ला." आपाने लेकाच्या गुडघ्यावर चापट मारली. "हा हॉर्न! हा मेला हॉर्न वाजला आणि माझं बोलणं राहिलं. नंतर घरात माणसं, गडबड. मला वाटलं, तुला कळलं."

"काय कळलं?"

आपाने दस्तरखानावरचे चुरे बोटाने गोळा करायला सुरुवात केली. जुनं काही सांगायचं असलं की ती असंच करायची.

"तुमच्या बापाला एक थोरला भाऊ होता, हे माहितीय तुम्हाला. त्याची बायको सालिका माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा अठरा वर्षांची होते, पीठ मळता येत नव्हतं. सगळं तिने शिकवलं. माझ्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या. मग तिचा नवरा आजाराने गेला. मूल नव्हतं. वर्षाचं जेवण झालं आणि माझ्या सासूने तिला नवी शाल दिली, गाडीत बसवली आणि माहेरी पाठवली. गाव म्हणालं, बघा, किती मानाने पाठवली! तिचं माहेर सहा कोसांवर. दर हिवाळ्यात बाजाराला याच रस्त्याने जायची. आमच्या धुराड्यातला धूर बघत जायची. मी या खिडकीतून तिच्याकडे बघायची. ती एकदासुद्धा आत आली नाही. कशी येणार? तिचा वाटा नव्हता. ज्या घरात आपला तुकडा ठेवलेला नाही, तिथे माणूस कोणत्या तोंडाने जाईल? आणि मी दारात जाऊन हाक मारली नाही. भित्री होते. सून होते ना."

समोवार गुरगुरत होता. तुर्सुनायने रुमालाच्या टोकाने डोळे टिपले.

"सुनेचा वाटा नसतो," आपा म्हणाली. "तिला हंडा असतो, तोही नवरा आहे तोवर. लेकीचा वाटा असतो, मरेपर्यंत. ती कुठे का जाईना. म्हणून मी खुंटी ठोकली. तू नारीनला जा, दुसरं लग्न कर, सहा पोरं घेऊन ये. ये म्हणजे झालं. मी मेले तरी ये. इशेनबेकला सांगून ठेवलंय मी, घराचं काहीही झालं तरी ही खुंटी रिकामी ठेवायची नाही."

"मला कधी सांगितलंस?" इशेनबेकने विचारलं.

"आत्ता सांगतेय ना!"

क्लारा हसली आणि हसता हसता रडू लागली. पेरिझातला काय करावं कळेना. सकाळपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता आणि त्याच्या जागी एवढं काहीतरी भरून आलं होतं, की तेही पेलवेना. या बाईच्या पायाशी डोकं ठेवावं असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी रागही आला, चांगला खणखणीत.

"आपा, तुमचं खूप प्रेम आहे माझ्यावर," ती म्हणाली. "सगळ्यांचंच आहे. पण क्लारा-एजेंनी माझ्या आईचं ऐकलं. तुर्सुनाय-एजेंनी गोठ्यातल्या जनावरांचं ऐकलं. तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीच्या सालिकाचं ऐकलंत. मला कोणी विचारलं?"

तुर्सुनाय चहा पिता पिता ठसकली. इशेनबेक छताकडे बघू लागला. सून अशी बोलल्याचं या घरात कोणी ऐकलं नव्हतं. पण आपाने घटकेपूर्वीच तिला सुनेच्या जागेवरून उठवलं होतं, त्यामुळे कोणाला तिला काही म्हणायची सोय राहिली नव्हती.

"बरोबर आहे," आपा म्हणाली. "आता विचारते. तुला काय हवंय?"

पेरिझातने विचार केला. खूप दिवसांनी कोणी विचारत होतं, म्हणून घाई केली नाही.

"मला हा हिवाळा इथे राहायचंय. जोमार्तसाठी नाही, तो गेला. तुमची सेवा करायची म्हणूनही नाही, मला सेवेचा कंटाळा येतो, खरं सांगते. मला हे घर आवडतं. सकाळी पाण्यावर वाफ येते ती आवडते. तुम्ही दुसऱ्याच्या नावाने मला रागावता, तेही आता आवडायला लागलंय. वसंतातलं मला माहीत नाही. नारीनला जाईन, नाही जाईन. पण हिवाळा मला माझा हवाय."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग एवढ्यासाठी एक आतडं फाडलंस?" तुर्सुनाय म्हणाली, आणि सगळे हसले. हसताना क्लाराने जावेचा हात हातात घेतला, त्या बाकावर घेतला होता तसाच, आणि हळूच म्हणाली, "तुझ्या आईला मी फोन करते. वसंतापर्यंत कोणी काही विचारणार नाही. मीसुद्धा नाही."

पेरिझात उठली. थंड खोलीत गेली, सहाव्या खुंटीवरचं मांस दोन्ही हातांनी उतरवलं आणि ते छातीशी धरून सगळ्यांसमोरून स्वयंपाकघराकडे निघाली.

"अगं, अगं!" आपा ओरडली. "कुठे नेतेस? मीठसुद्धा मुरलं नाही त्यात!"

"लेकीचा वाटा लेक आली की शिजवायचा असतो ना? आलेय मी."

आणि तिने तो हंड्यात सोडला. रस्सा उसळून शेगडीवर सांडला आणि चर्र आवाज आला. मग आपाचं हसू ऐकू आलं. खोकल्यात अडकत, पुन्हा सुटत, ती इतकी हसली की लेकाला तिची पाठ चोळावी लागली.

"पण खुंटी रिकामी राहिली," हसू ओसरल्यावर आपा म्हणाली. "रिकामी नाही ठेवायची, मी आत्ताच बोलून बसलेय. वसंतात गेली तर?"

क्लारा उठली. खोलीतून सुरी घासल्याचा आवाज आला. तिने पहिल्या खुंटीवरचा, म्हणजे स्वतःच्या घराचा, अर्धा वाटा कापला होता. "आम्हाला चरबी वाईटच," ती म्हणाली. ते बघून तुर्सुनायला राहवेना. शहरच्या भावजयीने आपल्याला मागे टाकावं हे सोसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनेही सुरी घेतली आणि आपल्या वाट्यातली अख्खी बरगडी काढली.

"अरे, माझ्यासाठी काही ठेवाल की नाही?" इशेनबेक दारातून म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दोन्ही तुकडे पेरिझातच्या हातात आले. जड होते. तिने त्यांना पुन्हा मीठ चोळलं. मग टाचा उंच करून ती ते खुंटीवर चढवायला गेली, तर मागून आपाने तिचं मनगट धरलं.

"दे इकडे," आपा म्हणाली. "आपला वाटा आपणच टांगतं का कोणी? लेकीचा आई टांगते."